सध्या कामावर

हे सोसायटीचं खताचं गोदाम होतं.
अजूनही उन्हाळ्यात भिंतींना युरियाचा वास येतो,
फोटोतल्या माणसांचे डोळे चुरचुरत असतील असं मला वाटतं.
चावी माझ्याकडे, कारण घर शेजारी
आणि डाकघरातून सुटल्यापासून मला काम नाही.
भंडाऱ्याहून आलेले एक साहेब मला क्युरेटर म्हणाले.
गावानं दोन दिवसांत त्याचं किराटर केलं.
आता पोरंही हाका मारतात,
किराटरबुवा, उघडा जी, पाहुणे आले.

पाहुणे म्हणजे बहुतेक कोणाचा तरी जावई.
त्याला तलाव दाखवून होतो,
चुलीवरचा मरळ शिजायला अजून वेळ असतो,
मग त्याला इकडे आणतात.

क्रमांक सहा, मालगुजाराचा फोटो, खुर्चीसकट.
खुर्ची फोटोतच आहे. खरी त्यांच्या नातवानं दिली नाही.
खुर्चीच्या मागं अर्धवट पाळ,
पाळीवर टोपल्या घेतलेल्या सतरा बाया,
सगळ्या हललेल्या.
थांबा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नसेल.
देवांगना रामटेके आठवडाभर रोज दुपारी यायची,
माझं भिंग घेऊन
त्या धुरकट नाकांत काहीतरी शोधायची.
शेवटी एकीवर बोट ठेवून म्हणाली,
हे आमची. टोपली डाव्या हातावर हाये.
आमच्या घरी सप्पाच डावखुऱ्या.
मी खाली पेन्सिलनं नाव लिहिलं.
झालं, दुसऱ्या दिवसापासून भिंग कमी पडायला लागलं.
एका बाईवर तर तीन घरांनी हक्क सांगितला,
बोलाचाली झाली, कोणी कोणाचं आडनाव काढलं.
मी तिन्ही नावं लिहिली.
मालगुजाराकडं त्या दिवसांत कोणी बघितलंच नाही.

क्रमांक अकरा, लाकडाचा ओंडका,
मांडीएवढा जाड, एका टोकाला निमुळता,
येनाचा असावा.
वापर: माहीत नाही.
तो मी दाराशी ठेवला.
वाऱ्यानं दार आपटत नसे.

त्या साली कार्तिकात तलावाचं लोखंडी गेट फसलं,
अर्धं उघडं.
खात्याचा माणूस म्हणाला, पार्ट नागपूरहून येईल.
धान कापून झालं होतं,
पाणी तरी नहरानं जातच राहिलं,
रिकाम्या बांध्यांतून नाल्याला,
नाल्यातून कुठं कोण जाणे.
चौथ्या दिवशी शिंगाड्याचे वेल चिखलावर निजले.
ढिवर सोसायटीची माणसं पाळीवर बसून होती,
कोणी कोणाला बिडी मागत नव्हतं.

झिबल मारबते ऐंशीच्या पुढचे.
संग्रहालयात कधी आले नव्हते.
त्या सकाळी आले, आत शिरलेच नाहीत,
दारातच वाकले
आणि ओंडक्यावरून हात फिरवला,
बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.
गेटाच्या मागं जुना तुडूम हाये.
त्याचा दट्टा हा. माह्या बापानं बुडी मारून बसवला होता.
इथं कायले ठेवला गा?

मी म्हणालो, रजिस्टरवर सही करा.
आता सांगताना लाज वाटते, पण म्हणालो.
त्यांनी अंगठा दिला,
उरलेली शाई दट्ट्याला पुसली.

पाण्यात उतरला त्यांचा नातू, तिकेश.
म्हातारा पाळीवरून सांगत होता,
डाव्या अंगाले, पायानं चाचप, हातावर भरवसा नको ठेवू.
चार वेळा तो दट्टा घेऊन वर आला,
ओठ जांभळे, बोलणं फुटेना.
पाचव्यांदा रिकाम्या हातानं आला,
तेव्हा आम्हाला कळलं.

नागपूरचा पार्ट माघात आला.
गेट आता व्यवस्थित आहे म्हणतात.
दट्टा काढायला कोणी उतरलं नाही,
मीही आठवण केली नाही.

परवा साहेब तपासणीला आले.
चष्मा वर करून रजिस्टर वाचलं,
अकरावर थांबले. वस्तू कुठं आहे?
मी बोटानं शेवटचा रकाना दाखवला,
माझं अक्षर, शेजारी झिबलजींचा अंगठा:
सध्या कामावर आहे.

दाराला हल्ली वीट लावतो.
विटेला अजून नंबर दिलेला नाही.